ध्रुवीय प्रकाशाचा मुहूर्त

माझं काम म्हणजे चालता प्लांट बंद पाडणं. हसू नका, त्याचाच पगार मिळतो. इथे सौदी अरेबियात, अबकैकला, जमिनीतून आलेलं तेल साफ करून पुढे पाठवतात. दर काही वर्षांनी प्लांटचा एकेक भाग दुरुस्तीसाठी थांबवावा लागतो. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या दिवशी किती वाजता बंद करायचा, क्रेन कधी यायची, वेल्डर कधी, आणि ठरल्या तारखेला सगळं पुन्हा धडधडायला कसं लागायचं, याचं वेळापत्रक मी करतो. एकोणीस वर्षं करतोय. एका दिवसाचा उशीर झाला की वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे आवाज चढतात, त्यात माझा सगळ्यात आधी. माझ्या नाकावर राग असतो असं बायको म्हणते. मला ते मान्य नाही, आणि तसं मी तिला ओरडून सांगितलेलं आहे.

मागच्या वर्षी ऐन जुलैत आई नाशिकहून आमच्याकडे आली. भर उन्हाळ्यात कशाला येतेस म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही त्यात राहता ना, मग मला काय धाड भरलीय. आई एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून फळ्यासमोर उभं राहिल्यासारखंच. तिच्या डाव्या डोळ्याची मधली नजर दोन वर्षांपूर्वी गेली होती. पडद्याचा आजार. यात आंधळेपण येत नाही, कडेचं दिसत राहतं, पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नेमकं पुसलं जातं. उजवा डोळा तेव्हा ठीक होता. सांभाळा, तोही कधी जाईल सांगता येत नाही, असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गच्चीत चहा घेत बसलो होतो. लांब प्लांटच्या बाजूला आभाळ नारिंगी झालं होतं. जादा वायू जाळायची जी उंच चिमणी असते, तिचा उजेड. आईने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "तुमच्याकडे आहे की घरचाच ध्रुवीय प्रकाश."

मग तिने एक गोष्ट सांगितली, जी मी सत्तेचाळीस वर्षांत कधी ऐकली नव्हती. सातवीला ध्रुवीय प्रकाशाचा धडा असायचा. आई तो रंगीत खडूंनी फळ्यावर काढायची, हिरवा खडू आडवा धरून, वर थोडा गुलाबी. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलीने हात वर करून विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलाय का?" आणि आईच्या तोंडून पटकन निघून गेलं, "हो."

"का म्हणालीस हो?" मी विचारलं.

"बावीस वर्षांची होते रे. साडी नीट नेसता येत नव्हती, मुली हसायच्या. वाटलं, नाही म्हटलं तर पुढचा तास कोण ऐकणार?" ती म्हणाली. "पण मग दरवर्षी तो धडा आला की मला चोरासारखं व्हायचं. एकतीस वर्षांत वर्गात तेवढं एकच खोटं बोलले. तेवढं खरं करून टाकायचं होतं. राहिलं."

आईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नाही. हेही मागितलं नव्हतंच, नुसतं सांगितलं होतं. पण मला राहवेना. म्हटलं, आई, तू काळजी करू नकोस, मी बसवतो. ती म्हणाली, "काय बसवतोस? तो काय पंखा आहे?"

झालं. त्या रात्रीपासून मी पेटलो. नॉर्वेच्या उत्तर टोकाला जायचं हे ठरलं, प्रश्न फक्त कधीचा होता. एक्सेल उघडली आणि रकाने पाडायला लागलो. रात्र काळोखी हवी, म्हणजे चंद्र नको. आभाळ मोकळं हवं. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, दिवसरात्र सारखे होतात तेव्हा, हा प्रकाश जास्त खेळतो म्हणतात, तो एक रकाना. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे त्याचा एखादा तापट भाग सत्तावीस दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येतो, त्याचा एक. सूर्याची सध्याची वर्षं जोराची, हे तर उत्तमच. एकूण अकरा रकाने झाले. चांगल्या दिवसांना हिरवा रंग, मधल्यांना पिवळा, वाईटांना लाल. बायको मागून डोकावून म्हणाली, "आपल्या लग्नाचा मुहूर्त एवढा बघितला असता तर बरं झालं असतं."

आईला शीट दाखवली तर तिने चष्मा वर करून विचारलं, "अरे, सूर्यावर उद्या काय होणार ते तुला कोण सांगणार? तिथून निघालेलं इथे पोचायला दोनतीन दिवस लागतात. आणि खरंच येतंय का, हे यंत्रांना कळतं ते जेमतेम तासभर आधी. हे मी सातवीच्या पोरींना शिकवलंय." मला तिडीक गेली. म्हटलं, आई, शक्यता नावाची एक गोष्ट असते. ती म्हणाली, "असते बाबा. तुझी शीट चालू दे."

आणि मग मला तो शोध लागला. मार्चअखेर अमावास्या होती. रमजानची ईद नेहमी अमावास्येनंतरच्या चंद्रकोरीलाच येते, म्हणजे ईदच्या सुट्टीतल्या रात्री काळोख्या असणारच, त्यासाठी वेगळी रजा टाकायला नको. त्यातून यंदा ईद आणि पाडवा एकाच दिवशी. साडेतीन मुहूर्तांतला एक, वर दिवसरात्रीचं समान होणंही जवळच. शीटमध्ये तो सगळा आठवडा हिरवागार झाला. मी टेबलावर हात आपटला. एकोणीस वर्षांत इतकं सुंदर वेळापत्रक मी कधी केलं नव्हतं.

आखातात राहणाऱ्या माणसाला एक खोड लागते, ती इथे सांगायला हवी. आम्ही सगळं आयुष्य सुट्टीवर टाकतो. दात दुखतोय, सुट्टीत बघू. भावाशी भांडण झालंय, सुट्टीत जाऊन मिटवू. मुंजी, मोतीबिंदू, घराचा रंग, सगळं सुट्टीत. मधले अकरा महिने जणू आम्ही जगतच नाही, फक्त हजेरी लावतो. मला ही खोड आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आईचा व्हिजिट व्हिसा होता. त्यात दर तीन महिन्यांनी देशाबाहेर पाऊल टाकून यावं लागतं. सगळ्यांचे आईवडील करतात तेच आम्हीही केलं: ऑक्टोबरात गाडी काढली आणि समुद्रावरच्या लांब पुलावरून बहरीनला निघालो. जेवायचं, शिक्का घ्यायचा, परत यायचं. पुलावर रांगेत उभे असताना आई मागच्या सीटवरून म्हणाली, "नाहीतरी बाहेर पडायचंच होतं. तर बहरीनऐवजी तिकडेच गेलो असतो की रे. हेही दिवस चांगलेच असतात म्हणे."

"आई, मार्च ठरलाय ना आपला? तिकडचा व्हिसा काढायचाय, माझ्या शटडाऊनच्या मीटिंगा आहेत. सुट्टीत बघू."

बहरीनला आम्ही इडल्या खाल्ल्या आणि संध्याकाळी घरी आलो. त्याच आठवड्यात सूर्याचं डोकं फिरलं. जिथे कधी दिसत नाही अशा गावांच्या गच्च्यांवरून लोकांनी लाल, हिरवे, जांभळे फोटो टाकले. माझी मुलगी नववीत आहे, तिने फोन नाचवत येऊन म्हटलं, "बाबा, लुक, एव्हरीवन इज सीइंग इट." माझ्या शीटमध्ये तो आठवडा पिवळा होता. मी मोबाइल उलटा ठेवला आणि आईकडे बघायचं टाळलं. आई दिवाळीला नाशिकला गेली, मुंबईत नॉर्वेचा व्हिसा काढला, दैवाने तो चांगल्या लांब मुदतीचा मिळाला, आणि डिसेंबरात परत आली. माझाही व्हिसा झाला. सगळं वेळापत्रकाबरहुकूम चाललं होतं.

जानेवारीत एका सकाळी मी कामावर निघायच्या घाईत होतो. आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. बघता बघता तिने मान थोडी डावीकडे वळवली, मग उजवीकडे. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला बारा दिसतोय, तीन दिसतोय, सहा, नऊ सगळे दिसतायत. काटे दिसत नाहीत."

त्याच दिवशी तिला जवळच्या खोबर शहरात डॉक्टरांकडे नेलं. उजव्या डोळ्यातही रक्त झिरपलं होतं. डॉक्टर भल्या बाई होत्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, दर महिन्याला द्यावं लागेल म्हणाल्या. यामुळे आहे ते टिकायची आशा चांगली आहे, पण मधलं गेलेलं परत येईल असं समजू नका. परतीच्या रस्त्यावर मी गाडी चालवत होतो आणि मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की आईशी बोलायची हिंमत होईना. ऑक्टोबरात तिचा एक डोळा शाबूत होता. ऑक्टोबरात मी तिला इडल्या खायला नेलं होतं.

आईच म्हणाली, "तोंड कशाला पाडलंस? मी काय मेले का?"

"आता कसं दिसणार तुला?"

"कडेकडेने दिसेल तेवढं बघीन. तिकिटं रद्द करशील तर याद राख."

रात्री मी पुन्हा शीट उघडून बसलो. मार्चला अजून दोन महिने होते. तोवर हा डोळा टिकेल का, ईदच्या आधी एक इंजेक्शन होईल की दोन, प्रवासाला परवानगी मिळेल का, असं मनात चाललं होतं आणि हात सवयीने एक एक दिवस खाली सरकत होता. बायको चहा ठेवायला आली आणि तशीच उभी राहिली. चेष्टेच्या मूडमध्ये नव्हती.

"अकरा रकाने आहेत," ती म्हणाली. "त्यात आईंचा डोळा कुठल्या रकान्यात आहे?"

मी रकाने मोजले. चंद्र होता, ढग होते, सूर्याचे डाग होते, माझी रजा होती, आईचा व्हिसासुद्धा होता. डोळा नव्हता. ज्याने बघायचं तेच मी धरलेलं नव्हतं. मी बायकोवर ओरडलो नाही, याची तिने नोंद घेतली असणार.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. आमचे साहेब सौदी, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. फेब्रुवारीत आमच्या शटडाऊनच्या वेळापत्रकाची मोठी तपासणी होती, आणि ऐन त्या वेळी मी आठ दिवस मागत होतो. त्यांनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, खोट्या 'हो'पासून घड्याळाच्या काट्यांपर्यंत. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझी आई गेली तेव्हा मी खफजीला होतो, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर. शिफ्ट संपली की निघतो म्हणून कळवलं होतं." खुर्ची वळवली. कॉम्प्युटरवर माझी रजा मंजूर केली आणि हात हलवला, "खलास, झालं. जा."

शीटमध्ये तो आठवडा लालभडक होता. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, ढगांचा जोर, सूर्य शांत. इतका वाईट आठवडा मी मुद्दाम शोधला असता तरी सापडला नसता. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं, काही दिवस थांबवलं, तपासलं आणि जा म्हणाल्या. मुलीची वार्षिक परीक्षा तोंडावर होती, त्यामुळे बायको तिच्यापाशी थांबली. आम्ही मायलेक दोघंच निघालो. विमानतळावर बायकोने आईच्या बॅगेत शेंगदाण्याचे लाडू कोंबले आणि माझ्या कानात म्हणाली, "तिथे कुणावर ओरडू नकोस."

नॉर्वेतलं ते गाव समुद्राच्या चिंचोळ्या खाडीवर वसलेलं होतं. दुपारी चारलाच सूर्य मावळायचा. आई जन्मात पहिल्यांदा पँट घालून फिरत होती, तीही दोन, एकावर एक. पहिल्या संध्याकाळी बर्फ पडला. दुसऱ्या संध्याकाळी ढग. आम्हाला गावाबाहेर नेणारी गाडीवाली बाई फार समजूतदार होती, सारखी आभाळाकडे आणि फोनकडे बघायची. मी तिला माझे अंदाज सांगायला लागलो तर ती हसली आणि म्हणाली, तिच्याकडे लोक हमखास तारीख मागतात, ती त्यांना फक्त गरम सूप हमखास देते.

तिसरी संध्याकाळ आमची शेवटची होती. ढग विरळ झाले, पण ॲपवर लिहिलं होतं, शक्यता कमी. चंद्र नऊनंतर उगवणार होता, तेवढाच काय तो काळोख हाती. साडेसहाला आम्ही खाडीच्या काठी पोचलो. बरोबरच्या पाचसहा जणांनी कॅमेरे तिपायांवर लावले. आईला मी घडीच्या खुर्चीवर बसवलं, पायांवर घोंगडी टाकली, आणि तिच्या बाजूला उभा राहून उत्तरेच्या डोंगरावर डोळे रोखले. एक तास गेला. काही नाही. मी मनातल्या मनात सूर्यासकट सगळ्यांना शिव्या घालत होतो. आपण हिला इतक्या लांब, इतक्या थंडीत, काळं आभाळ दाखवायला आणलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मान वळवून पाहिलं तर आई डोंगराकडे बघतच नव्हती. ती आमच्या गाडीच्या टपाकडे बघत होती. मला वाटलं, दिशा चुकली बिचारीची.

"आई, उत्तर इकडे आहे."

"मला उत्तर शिकवू नकोस," ती म्हणाली. "तो डोंगरावरचा ढग हलतोय बघ."

मी पाहिलं. तिथे काहीही नव्हतं.

"कुठे?"

"सरळ बघू नकोस ना. गाडीकडे बघ, आणि डोंगर कडेला असू दे. मी महिनाभर असंच बघतेय, मला सवय झालीय."

मी गाडीकडे पाहिलं. आणि डोळ्याच्या कडेला, डोंगराच्या अगदी डोक्यावर, एक फिकट पांढुरका पट्टा दिसला. सरळ बघितलं की तो नाहीसा व्हायचा, नजर हटवली की पुन्हा यायचा. तो खरंच हलत होता. मी गाडीवाल्या बाईला हाक मारली. तिने कॅमेरा त्या दिशेला धरला, थोडा वेळ थांबली, आणि पडद्यावर हिरवी कमान उमटली. सगळे धावले. ती आईकडे बघून म्हणाली, अंधारात फिकट उजेड डोळ्याच्या कडेलाच आधी कळतो, पण पहिल्याच वेळी कुणी असा पकडलेला तिने पाहिला नव्हता. मी ते आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "मग? बाई आहे मी."

त्यानंतर तो पट्टा वाढला. सगळं आभाळ व्यापलं असं म्हणणार नाही, तसं झालं नाही. पण डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याची कमान झाली, खालची कड थरथरली, थोडा हिरवा रंग नुसत्या डोळ्यांनाही कळायला लागला. आई मान इकडून तिकडे वळवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थंडीने असेल. माझ्या डोळ्यांतलं थंडीचं नव्हतं.

"मी उगाच हिरवा खडू झिजवला इतकी वर्षं," ती शेवटी म्हणाली. "सुरुवातीला पांढराच पुरे होता." मग एकदम म्हणाली, "तुझा फोन दे. माझ्या मुलींना सांगायचंय."

तिच्या जुन्या विद्यार्थिनींचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, साठीला आलेल्या बायकांचा. तिचे हात मोज्यांत, म्हणून फोन मी तिच्या तोंडापाशी धरला. आई ताठ बसली आणि वर्गातल्या आवाजात बोलायला लागली. "मुलींनो, सातवीत तुमच्यातल्या एकीने मला विचारलं होतं, बाई, तुम्ही ध्रुवीय प्रकाश पाहिलाय का. मी हो म्हणाले होते. तेव्हा पाहिला नव्हता. खोटं बोलले. आत्ता माझ्यासमोर आहे." मग तिने पट्टा कसा दिसतो, कड कशी हलते, हे नीट सांगितलं, आणि फळ्यावरचं चित्र कुठे चुकलं होतं तेही.

परतताना गाडीत उत्तरं यायला लागली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवत होतो. नमस्कार, फुलं, छान बाई, तब्येत सांभाळा. आणि मग एक जरा लांब मेसेज आला, तो मी दोनदा वाचला.

"बाई, मीच विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात तेव्हा माझ्याकडे बघतच नव्हतात, खिडकीकडे बघत होतात. मला तेव्हाच कळलं होतं."

आई खूप हसली, खोकला येईपर्यंत हसली. मग तिने खिडकीला डोकं टेकवलं. बाहेर डोंगरावर अजून तो पट्टा होता.

"लिही तिला," ती म्हणाली. "म्हणावं, आजही मी बाजूलाच बघत होते. पण आज खरं सांगतेय."